भिंतीवरचं बाक

परंपरा टिकवायची असेल, तर तिला आधी जागेवरून उठवावं लागतं. ती बसून राहिली तर तिच्याखालची फरशी पुसता येत नाही, हे साधं व्यवहारज्ञान आहे. आमच्या एल्मस्टोक गावातल्या नदीकाठच्या पबचं नूतनीकरण याच तत्त्वावर झालं, आणि ते किती यशस्वी झालं हे नोंदवून ठेवणं मी माझं कर्तव्य समजतो.

पबचं नाव 'वाम आणि बुट्टी'. इंग्लंडमधल्या सेव्हर्न नदीच्या काठी तो सव्वातीनशे वर्षं उभा आहे. एवढ्या काळात नदी त्यात अकरा वेळा शिरली, नवा विचार एकदाही नाही. गेल्या वर्षी एका कंपनीने तो विकत घेतला. कंपनीकडे असे एकशे चाळीस पब आहेत आणि त्यातला प्रत्येक एकमेवाद्वितीय आहे (असं सगळ्यांसाठी छापलेल्या एकाच पत्रकात म्हटलंय).

पहिल्याच महिन्यात कंपनीने पारंपरिकतेत भरीव वाढ केली. भिंतीवर जुनी वल्ही लागली, ज्यांना अद्याप पाणी लागलेलं नाही. कपाटात जुनी पुस्तकं आली. ती मीटरवर मिळतात आणि पाठीचा रंग बघून लावतात. शेकोटीच्या वर गावच्या पूर्वजांचे फोटो आले. ते पूर्वज आमचे नव्हेत, पण नाकीडोळी आमच्या पूर्वजांपेक्षा बरे आहेत, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. जेवणातही सुधारणा झाली. मासा आता ताटलीऐवजी काळ्या दगडी पाटीवर येतो, बटाट्याच्या चिप्स छोट्या बादलीत येतात आणि वाटाणे जिकडे उतार असेल तिकडे जातात.

राहता राहिलं एक बाक.

हे बाक नदीकडच्या खिडकीखाली होतं. दोन माणसांचं, ओकच्या लाकडाचं, दोन्ही बाजूंना बसून बसून खळगे पडलेलं. उजव्या खळग्यात दर गुरुवारी दुपारी विल्फ पार्स्लो बसायचा. विल्फ एक्याऐंशी वर्षांचा. हयातभर त्याने नदीत वेताच्या बुट्ट्या सोडून सापासारखे लांब वाम मासे धरले, म्हणजे पबच्या पाटीवर जे रंगवलंय तेच त्याने केलं. डावा खळगा त्याच्या बायकोचा, आयव्हीचा. ती सहा वर्षांपूर्वी गेली. त्या खळग्यात विल्फ आपली टोपी ठेवायचा.

'वाम आणि बुट्टी'च्या पारंपरिक आराखड्यात हे बाक कुठेच बसत नव्हतं. पण कंपनी मनमानी करणारी नव्हे. तिने रीतसर हरकती मागवल्या. मुदत तीस दिवस. कलम सात असं होतं : विचारणा केली असता एका जरी गिऱ्हाइकाने नापसंती दर्शवली, तर सदर वस्तू आहे त्या जागी ठेवण्यात येईल. एका जरी! याहून उदार कलम मी आजवर वाचलेलं नाही. ज्याने ते लिहिलं, त्याने इंग्रज माणसाचा सखोल अभ्यास केलेला असणार.

कारण विचारणा तोंडी होती. कंपनीची इमोजेन नावाची एक तरुण अधिकारी रोज टेबलाटेबलाशी जाऊन, बाक हलवल्यावरच्या खिडकीच्या चित्राचा कागद पुढे धरून विचारायची, "सगळं ठीक आहे ना?" आता या देशात या प्रश्नाला एकच उत्तर आहे : "लव्हली, थँक यू." हे उत्तर कुणी देत नाही. ते शिंकेसारखं आपोआप येतं. केस कापताना कान कापला गेला तरी येतं.

आकडेवारी पुढीलप्रमाणे. विचारणा झालेले : एकशे अकरा. लव्हली : एकशे अकरा. (यांतल्या चौघांनी आदल्या दिवशी चर्चच्या आवारात 'त्यापेक्षा पबला काडी लावीन' असं म्हटलं होतं. एका बाईंच्या घशात ऐन वेळी काटा अडकला होता. त्यांनी अंगठा वर केला.)

पबच्या बाहेर मात्र गाव पेटून उठलं होतं.

"लाज वाटायला पाहिजे मेल्यांना," पोस्टाच्या रांगेत मिसेस टिडमार्श मला म्हणाल्या. "तो बिचारा म्हातारा जाईल कुठे?"

"मग तुम्ही तिला सांगितलंत का?"

"मी? अहो, ती पोरगी किती गोड विचारते. तोंडावर कसं सांगायचं?"

एकोणतिसाव्या दिवशी विल्फने मला बाकाशी बोलावलं. टोपी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाला, "बस." आयव्हीच्या जागेवर मी याआधी कधी बसलो नव्हतो.

"पॅट," तो म्हणाला. (माझं आडनाव पटवर्धन. सव्वीस वर्षांपूर्वी गावाने ते वापरायला सोपं करून घेतलं.) "उद्या तिला तू सांग."

"मीच का?"

"तू बाहेरचा ना. तुला माफ असतं. आणि तुझा बाप कोथिंबिरीच्या जुडीवरून अर्धा अर्धा तास भांडायचा, तूच सांगितलंयस. त्याचाच मुलगा ना तू?"

"अरे, पण तू स्वतः का नाही सांगत?"

"विचारलं ना तिने. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा लव्हलीच निघालं तोंडातून." तो नदीकडे बघत राहिला. "घरी आयव्हीची खुर्ची आहे. पण घरी ती शेवटी आजारीच होती रे. इथे बरी असायची."

मी त्याला शब्द दिला.

रात्रभर मी आरशासमोर सराव केला. मराठीतून वाक्य एकदम चोख जमत होतं. वडिलांचा साताऱ्याच्या मंडईतला आवाजही लागला होता. 'बाक हलवायचं नाही. सांगून ठेवतो.' इंग्रजीत आणताना त्याच्या आधी 'मला वाटतं', मध्ये 'शक्य असल्यास' आणि शेवटी 'अर्थात तुमची मर्जी' असं काही काही चिकटत होतं, पण मुद्दा तरी शाबूत राहत होता.

गुरुवारी एक वाजता अख्खं गाव पबात जेवायला आलं. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते. मी मासा मागवला. तो पाटीवर आला, तेव्हा बाहेरून करपलेला आणि आतून बर्फ होता. नशीब जोरावर होतं म्हणायचं. तक्रारीला एवढी पोषक परिस्थिती पुन्हा मिळायची नाही.

इमोजेन आली. तिला सर्दी झाली होती आणि तरी ती हसत होती. बारमागे ग्लेनिसने ग्लास पुसता पुसता फडकं थांबवलं. खिडकीखाली विल्फने टोपी घट्ट धरली.

"सगळं ठीक आहे ना?" इमोजेनने विचारलं.

मी तोंड उघडलं. माझ्यामागे विल्फ होता, आयव्ही होती, कलम सात होतं आणि साताऱ्याची अख्खी मंडई होती.

"लव्हली, थँक यू," मी म्हणालो. "अगदी लव्हली."

दुसरं लव्हली कुणी मागितलंही नव्हतं.

ती कागदावर खूण करून पुढे गेली. ग्लेनिस परत ग्लास पुसायला लागली. मान वर करायची मला हिंमत होईना. इतक्यात विल्फ हळूहळू चालत माझ्या टेबलाशी आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे, पॅट," तो म्हणाला. "आता तू आमच्यातला झालास."

नागरिकत्वाचा कागद मला वीस वर्षांपूर्वी मिळाला होता. नागरिकत्व त्या गुरुवारी मिळालं. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

कंपनीने बाक फेकून दिलं, असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. कंपनी परंपरेची कदर करते. बाकाला वॉर्निश लावून ते भिंतीवर, पूर्वजांच्या फोटोंशेजारी, सात फूट उंचीवर ठोकण्यात आलं. खाली पितळेची पट्टी आहे : 'या बाकावर गावातले वामी धरणारे लोक बसत असत. कृपया हात लावू नये.' विल्फ त्यानंतर दोन गुरुवार आला. उंच स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून, मान वर करून डाव्या खळग्याकडे बघत बसला. टोपी कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. तिसऱ्या गुरुवारी तो आला नाही, आणि चौथ्याही.

"ते तुमचे मित्र हल्ली दिसत नाहीत? टोपीवाले?" इमोजेनने मला काळजीने विचारलं. "गिऱ्हाइकांना ते फार आवडायचे हो. त्यांच्यामुळे कसं खरं खरं वाटायचं." (कंपनी सध्या गुरुवारी दुपारी टोपी घालून बसण्यासाठी माणूस शोधते आहे. अनुभवाची अट नाही.)

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजांचं ठीक आहे, पण आपल्याला हे जमलं नसतं. आपण तोंडावर सांगणारी माणसं. अगदी खरं. तर मग फक्त एक आठवून बघा. तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी, गुलमोहराखाली सिमेंटचं एक बाक होतं. संध्याकाळी एक आजोबा त्यावर बसायचे आणि शेजारची जागा पिशवी ठेवून अडवायचे. तिथे आता पार्किंगचे पट्टे आहेत. आजोबा कुठे बसतात, ते तुम्हाला ठाऊक नाही. इतिवृत्ताची वही चेअरमनकडे असेल, ती उघडून पाहा. 'कोणाची हरकत?' असं रीतसर विचारलं होतं. ठराव सर्वानुमते मंजूर आहे. सभेला तुम्ही हजर होतात. सही तुमचीच आहे. नंतर जे बटाटेवडे वाटले ते आतून गार होते, आणि 'कसे झालेत?' असं विचारल्यावर तुम्ही काय म्हणालात, तेही तुम्हाला आठवत असेल.