दहा बेचाळीसची घरघर

शुक्रवारी सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी नववी ‘ब’च्या वर्गात फोन वाजला. त्या क्षणी वर्गात चाळीस मुलं, गणिताच्या एक बाई आणि शून्य फोन होते. फोन सकाळी आठलाच जमा झाले होते, त्यांच्या पावत्या होत्या आणि कपाटाची किल्ली मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या पर्समध्ये होती. वाजला म्हणजे खणखणला नाही, घरघरला. डब्यात भुंगा कोंडावा तसा दहा-बारा सेकंद आवाज आला आणि थांबला. सोमवारपासूनचा हा सलग पाचवा दिवस. रोज दहा बेचाळीस, फार तर एखादं मिनिट इकडेतिकडे.

दहा पन्नासला ग्रंथालयाचं दार भिंतीवर आपटलं. ग्रंथपाल बाईंनी मान वर केली नाही. दार आपटून येणारा माणूस शाळेत एकच होता, आणि तो पुस्तक न्यायला कधीच येत नसे.

“बाई, लिहून घ्या,” भिंग सर म्हणाले. “या इमारतीत हजारभर डोळे आहेत. बघणारे फक्त दोन. दोन्ही माझे.”

“लिहिलं.”

“इतर लोक भूगोल शिकवतात, मी तो हुंगतो. तुमच्या बोटाला लागलेली शाई बघून मी सांगू शकतो...”

“काय?”

“की तुम्ही काहीतरी लिहीत होता.”

“तुम्हीच सांगितलंत लिहायला, सर.”

सरांनी हे बोलणं माशी झटकावी तसं झटकलं. नकाशे वाचायचं भिंग ते सदान्‌कदा खिशात बाळगत, म्हणून मुलांनी त्यांना हे नाव दिलं होतं. सरांची समजूत अशी की ते नाव गौरवानं पडलं. वर्गात फोनबंदी लागू झाली तेव्हा शाळेनं दक्षता समिती नेमली. सर अध्यक्ष झाले कारण त्यांनी स्वतःचं नाव सुचवलं. ग्रंथपाल बाई सचिव झाल्या कारण समितीला बसायला जागा हवी होती आणि खुर्च्या रिकाम्या फक्त ग्रंथालयात असत.

ग्रंथपाल बाईंकडे आणखी एक काम होतं. हजेरीचा तक्ता आला की शाळेच्या दोन ओळींच्या बातम्या संगणकावरून पालकांच्या फोनवर पाठवायच्या. याला ‘शाळावार्ता’ म्हणत. आज दुपारी तीनला तिचा विशेष अंक जायचा होता. मथळा आठवड्यापूर्वीच ठरला होता: ‘फोनबंदीचा एक महिना: वर्गात एकदाही फोन वाजला नाही.’ बाई सहा वर्षं तात्पुरत्या पदावर होत्या, आणि त्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं हे संस्थेच्या सोमवारच्या बैठकीत ठरायचं होतं. केलेल्या कामाचा पुरावा म्हणून त्यांच्या फायलीत ‘शाळावार्ता’ सोडून दुसरं काही नव्हतं.

मोठ्या बाईंनी सकाळीच बजावलं होतं, “तीनच्या आत गुन्हेगार सापडला तर अंकात त्याचं नाव द्या, आणि त्याचा फोन वर्ष संपेपर्यंत कपाटात. नाही सापडला तर माझं नाक कापलं गेलं असं छापा. पण तीनलाच छापा.”

सरांनी टेबलावर नकाशा पसरला. नववी ‘ब’चा तो नकाशा त्यांनी चार दिवस जागून-जपून काढला होता. बाकांच्या ओळींना अक्षांश, मधल्या वाटांना रेखांश, केराच्या टोपलीला उंचीच्या समोच्च रेषा. वर्गाच्या चारही भिंतींपाशी नकाशा संपत होता. भिंतींपलीकडे सुबक अक्षरांत लिहिलं होतं: ‘अज्ञात प्रदेश’.

“मंगळवारी आवाज तिसऱ्या अक्षांशावरून आला,” सर म्हणाले. “तिथे कोण बसतं?”

“तो जाडा मुलगा. त्याचं पोट तपासून झालं सर, मंगळवारीच. तुम्ही कान लावला होता.”

“आणि आवाज आला होता!”

“त्यानं डबा खाल्ला नव्हता.”

बुधवारी सरांना बुटांचा संशय आला. एकेचाळीस मुलांचे ब्याऐंशी बूट वर्गाबाहेर काढून प्रत्येकाच्या तळव्यावर टकटक करण्यात आली. फोन मिळाला नाही. बूट मात्र असे मिसळले की बास्केटबॉलच्या संघातली एक मुलगी दोन डाव्या बुटांनी सामना खेळली. गुरुवारी शंकेची सुई ग्रंथालयाकडे वळली. नववी ‘ब’मधल्या एकानं जाडजूड शब्दकोश घरी नेल्याची नोंद होती, आणि तीन वर्षांत ज्या पुस्तकाला कुणी हात लावला नाही ते एखादा मुलगा आपण होऊन नेतो म्हणजे आत पोकळी कोरून फोन दडवण्यासाठीच, हे उघड होतं. चौकशीत निघालं की तो त्यावर उभा राहून छताचा पंखा पुसत होता.

“तीन पुरावे, तिन्ही खोटे,” सर समाधानानं म्हणाले. “म्हणजे खरा पुरावा चौथा. आज दहा बेचाळीसला वर्गात एक जण कमी होता. कोण?”

“मॉनिटर. ती हजेरीचा तक्ता घेऊन इथे आली होती. रोज तो कारकून आणतात, आज ते रजेवर आहेत.”

“म्हणजे ती घटनास्थळी नव्हती!”

“नव्हती. माझ्यासमोर उभी होती. हात मागे बांधून.”

“बघा! साक्षीदारसुद्धा आधीच तयार करून ठेवला पोरीनं. आणि हात मागे का बांधले?”

“सर, सोमवार ते गुरुवार ती वर्गातच होती. तेव्हाही वाजलाच की.”

“अगदी बरोबर. ती असली तरी वाजतो, नसली तरी वाजतो. यापेक्षा घट्ट संबंध तुम्हाला कुठे सापडणार?”

बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. या तर्काला भोक कुठे पाडावं ते त्यांना कळेना, कारण भोकाभोवती तर्कच नव्हता.

साडेबाराला मॉनिटरला समितीपुढे बोलावण्यात आलं. चौदा वर्षांची, दोन वेण्या, आवाज खणखणीत.

“माझा फोन कपाटात आहे सर. पावती सतरा नंबर.”

“तो पहिला. दुसरा कुठाय?”

“एकाचेच हप्ते बाबा अजून... दुसरा नाहीये सर.”

“चेहरा का उतरला?”

“बाबा बाहेरगावी असतात. रोज संध्याकाळी सातला फोन करतात. घरात तेवढा एकच फोन आहे. तो वर्षभर कपाटात राहिला तर ते कुणाला करणार?”

ग्रंथपाल बाई टिपणाच्या वहीकडे बघत राहिल्या. सर मात्र उजळले. “हेतू! गुन्ह्याला हेतू मिळाला, बाई. लिहा.”

मुलीला कबुलीजबाबाचा छापील अर्ज देऊन बाहेरच्या बाकावर बसवण्यात आलं. सर मोठ्या बाईंना विजयाची वार्ता द्यायला गेले आणि वाटेत प्रत्येक वर्गात डोकावून ती देत गेले. एकच्या सुमारास निरोप आला: विशेष अंकात मुलीचं नाव घाला. बाईंनी मथळा पुसला. नवा लिहिला नाही.

दोन वाजून वीस मिनिटांनी मावशी केर काढायला आल्या. शाळेतल्या सगळ्या खोल्या, किल्ल्या आणि भानगडी मावशींना माहीत असत. त्या झाडू टेकवून उभ्या राहिल्या.

“बाई, एक विचारू? रागावणार नसाल तर?”

“विचारा ना मावशी.”

“तुम्ही रोज पावणेअकराच्या सुमाराला काय करता हो?”

“शाळावार्ता पाठवते. का?”

“मग त्या कपाटाला तुम्हीच रडवता.”

मावशींनी खुर्ची ओढली. “आज कारकून नाहीत ना, म्हणून मला बसवलं कचेरीत, कुणाचा फोन आला तर घ्यायला. एरवी त्या वेळी तिथे कुणी नसतंच. कारकून तुमच्याकडे तक्ता घेऊन येतात, मोठ्या बाई फेरीवर असतात. मी बसले होते. तेवढ्यात ते नवं लोखंडी कपाट लागलं की हो थरथरायला! आतले सगळे फोन एकदम. मला वाटलं भूकंप. सोमवारी कपाट आलं ना, ते पार भिंतीला चिकटवून ठेवलंय. आणि भिंत कसली, फळी ती. पलीकडे नववी ‘ब’.”

“आधी फोन कुठे ठेवायचे?”

“खेळाच्या खोलीत, पोत्यात. तिथे ओरडून ऐकणार कोण, चेंडू?”

फोनबंदीच्या नियम दोनमध्ये लिहिलं होतं: फोन जमा करताना मूक करावा. मुलांनी मूक केले होते; मूक फोन वाजत नाही, पण थरथरतो. बंद करावा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि हे नियम ग्रंथपाल बाईंनीच टाइप केले होते.

“पण मावशी, शाळावार्ता पालकांच्या फोनवर जाते. मुलांच्या नाही.”

“तेवढं मला काय कळतंय. मी फक्त कपाट ऐकलं.”

बाईंनी पालकांच्या नंबरांची यादी उघडली आणि शेजारी फोन जमा केल्याच्या पावत्यांची वही ठेवली. पावत्यांवर मुलांचे फोन नंबर होते. यादीत तीनशे बारा नंबर. पहिला जुळला. दुसरा जुळला. विसावाही जुळला. तीनशे बारापैकी तीनशे चार जुळले. वर्षाच्या सुरुवातीला ‘पालकांचा नंबर’ या रकान्यात मुलांनी आपापला नंबर घातला होता. उरलेले आठ जुन्या तारेच्या फोनचे होते, तिथे संदेश पोचतच नाहीत.

म्हणजे महिनाभर शाळावार्ता एकाही पालकाला मिळाली नव्हती. ती आधी पोत्याला आणि या सोमवारपासून कपाटाला मिळत होती.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. पुढच्याच गोष्टीनं त्यांना पुन्हा पुढे आणलं: फोनबंदीला सत्त्याण्णव टक्के पालकांनी पाठिंबा दिला, ही त्यांचीच गाजलेली बातमी होती. त्या दार उघडून बाहेर गेल्या.

“काय गं, ‘पालकांचा कौल’ आला होता तेव्हा उत्तर कुणी दिलं?”

मॉनिटरनं अर्जातून डोकं काढलं. “मीच. सगळ्यांनीच.”

“फोनबंदीला ‘सहमत’? तुम्ही?”

“‘असहमत’ दाबलं की शंभर शब्दांत कारण लिहा म्हणत होतं, बाई.” मग तिनं अर्ज पुढे केला. “या रकान्यात काय लिहू? ‘गुन्हा कसा केला ते सविस्तर.’ मला माहीत नाहीये.”

बाई आत आल्या. अडीच वाजले होते. मावशी कोपऱ्यातला केर सुपलीत भरत म्हणाल्या, “मी काही बोलणार नाही हं. सोमवारी तुमची बैठक आहे, मला ठाऊक आहे. उद्यापासून फोन बंद करून घेतले की घरघर थांबेल. सर म्हणतील, बघा, पोरीला पकडलं आणि थांबली. कुणाच्या बापाला पत्ता लागायचा नाही.”

मावशींचं बरोबर होतं. बाईंनी दोन मिनिटं त्या बरोबर असण्याकडे नीट निरखून पाहिलं. मग यादी आणि पावत्यांची वही उचलली आणि जाता जाता बाकावरच्या मुलीच्या हातातला अर्ज काढून घेतला.

दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी कचेरीत मोठ्या बाई, भिंग सर आणि मॉनिटर कपाटासमोर ओळीनं उभे होते. ग्रंथपाल बाईंनी ग्रंथालयातून एका शब्दाची शाळावार्ता पाठवली: ‘चाचणी’. कपाट घरघरलं. वरची फुलदाणी सरकत सरकत कडेला आली, ती बाजूला उभ्या असलेल्या मावशींनी झेलली. फळीपलीकडून नववी ‘ब’ एका सुरात ओरडली, “वाजलाऽऽ!”

मोठ्या बाई कपाटाकडून भिंग सरांकडे वळल्या.

“माझा कपाटावर पहिल्यापासून संशय होता,” भिंग सर म्हणाले.

“तुमच्या नकाशात ते कुठे आहे?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“अज्ञात प्रदेशात. मी तसं स्पष्ट लिहिलंय.”

ग्रंथपाल बाई जिना उतरून आल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं: नियम दोन, यादी, कौल. त्यांनी एकही आकडा गाळला नाही. मोठ्या बाईंनी पर्समधून किल्ली काढली, सतरा नंबरचा फोन मुलीच्या हातात ठेवला आणि तिला वर्गात पाठवलं. मग त्या खुर्चीत बसल्या.

“म्हणजे फोनबंदी मोडली कुणी?”

“शाळेनं,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. “माझ्या हातून.”

“हे सोमवारी मी सांगू की तुम्ही?”

“मी सांगते.”

तीन वाजता विशेष अंक निघाला नाही. पाठवायचा कुणाला हा प्रश्न होता.

सोमवारी सकाळी अकराला संस्थेची बैठक सुरू झाली. ग्रंथपाल बाईंनी उभं राहून शुक्रवारची हकीकत पहिल्यापासून सांगितली. संस्थेच्या अध्यक्षांनी चष्मा पुसला.

“म्हणजे शाळेनं स्वतःच रोज वर्गात फोन वाजवला, आणि मुलांचाच कौल पालकांचा म्हणून छापला?”

“हो.”

“हे पालकांपैकी कुणाकुणाला कळलंय?”

“एकालाही नाही. महिनाभर एकाही पालकाला काहीच कळलेलं नाही.”

अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बाईंकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आदरासारखं काहीतरी उमटलं. “सहा वर्षांत तुमच्या खात्याचं इतकं चोख काम माझ्या पाहण्यात आलं नव्हतं,” ते म्हणाले.

बाईंनी सांगितलं की सगळ्या पालकांना खरा प्रकार कळवणारं पत्र त्यांनी कागदावर तयार केलं आहे, आणि आज शाळा सुटताना प्रत्येक मुलाच्या दप्तरात ते जाईल. अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचा आदर मावळला. त्यांनी बाईंना बाहेर थांबायला सांगितलं.

हा मजकूर लिहून होईपर्यंत बैठक चालू होती. बाईंची फाइल अध्यक्षांपुढे उघडी होती, सही झालेली नव्हती. ग्रंथपाल बाई बाहेरच्या बाकावर बसून पत्रांच्या घड्या घालत होत्या. तीनशे बारांपैकी दोनशे सहा झाल्या होत्या, आणि शेजारी बसून मॉनिटर उरलेल्या घालत होती.