निळी भिंत

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं, तशा हिर्डोशीच्या दूध संकलन केंद्रात जमलेल्या बायांनी माना पुढं केल्या. केंद्र सांभाळणाऱ्या सुलूने झाकण उचललं. तपासायला उकळलेलं दूध फाटलं होतं.

"आज बी गेलं," रतनबाई म्हणाली. "आता केंद्र बंद पडल्याबिगर ऱ्हात न्हाई."

भोरच्या दूध संघात केशवराव नवे व्यवस्थापक आले होते. कामकाज सुधारायचं म्हणून त्यांनी कुणाचं दूध किती फाटतं यावरून संघाच्याच केंद्रांची आपापसात तुलना लावली. उत्रोली पहिलं, हिर्डोशी शेवटचं. पुढच्या महिन्यातही शेवटचंच राहिलं, तर हिर्डोशीला कुलूप. मग बायांनी चरव्या घेऊन पुढचं गाव गाठायचं आणि सुलूने घरी बसायचं.

"पहिल्याचं बघून शिकायचं," केशवराव म्हणाले. उत्रोली त्यांनी स्वतः पाहिली होती. म्हणजे गाडीची काच खाली केली होती. "तिथली भिंत निळी आहे. दारात रबरी चटई आहे."

"सायेब, दूध न्यायचा टेम्पो उत्रोलीत आधी थांबतो," सुलू म्हणाली. "आमच्याकडं येस्तवर ऊन चढतं, दूध नासतं."

"कारणं नकोत, बाई."

रंग आला, चटई आली. सामान लवकर पोचावं म्हणून केशवरावांनी टेम्पोला आधी हिर्डोशी गाठायला सांगितलं. सामान येऊन झालं, हुकूम मागं घ्यायचं मात्र साहेबांच्या ध्यानातच आलं नाही. टेम्पोवाला कुंडलिक रोज थेट वर येई आणि उत्रोलीचं दूध खाली परतताना घेई.

"कुंडलिकदादा, असंच चालायचं का आता?" सुलूने हळूच विचारलं.

"सायेब म्हनले आधी हिर्डोशी. मला काय, डिझेल तेवढंच जातंय."

सुलू मांडीवरच्या लेकीचं, मितालीचं नाक पदराने पुसत बसली.

महिना सरला. हिर्डोशी पहिलं आलं, उत्रोली शेवटचं. केशवराव हार घेऊन आले, सोबत उत्रोलीचं केंद्र सांभाळणारा सोमनाथ. आता कुलपाची पाळी त्याच्या दारावर आली होती.

"बघा सोमनाथ. रंगाने माणसाला शिस्त लागते, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

सोमनाथने भिंतीवरून हात फिरवला. "वैनी, कंचा रंग वापरला? आमची बी निळीच हाय, पन जरा फिकी."

"आणखी एक हात मारा," केशवराव म्हणाले.

सोमनाथने मान हलवली. सुलूने नजर चटईवर ठेवली. तेवढ्यात मितालीने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

"आई, काकांची भिंत बी निळीच हाय ना? मग त्यांचं दूध का फाटलं?"