उगवायच्या आधीच बंदोबस्त

"यंदा माझ्या हिरवळीत त्या क्रॅबग्रास तणाची एक काडी जरी दिसली ना, तर नाव बदलून ठेव माझं!"

एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी सकाळी डेल्मर क्विग्लीने ही घोषणा केली. ऐकायला होती फक्त वांडा पाव्लिक. कुंपणापलीकडे गाऊनवर कोट चढवून, हातात कॉफीचा मग घेऊन ती आपल्या डचेसला बाहेर घेऊन आली होती. डचेस म्हणजे वांडाची केसाळ कुत्री. इतकी पांढरी की बर्फ पडलेला असला की तिची फक्त जीभ दिसायची!

"गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास," वांडा म्हणाली. "आणि ऑगस्टमध्ये बघते तर काय, तुझ्या हिरवळीत ते मेलं खेकड्यासारखे पाय पसरून बसलेलं!"

"गेल्या वर्षी मला उशीर झाला. एकदा ते उगवलं की काही खरं नसतं. यंदा मी त्याला जन्मालाच येऊ देत नाही!"

डेल्मरने चौतीस वर्षं ओहायोच्या रस्त्यांवर पांढरे पट्टे मारले होते. सरळ रेषेचा त्याला भारी अभिमान. निवृत्त झाल्यावर तो सगळा अभिमान घरामागच्या हिरवळीवर येऊन पडला होता. त्यात यंदा जूनमध्ये त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, ब्रिजेटचं लग्न, आणि तेही ह्याच हिरवळीवर! व्याही-विहीणबाई थेट कनेटिकटहून यायचे होते. म्हणजे हा आता नुसत्या गवताचा प्रश्न उरला नव्हता. घराण्याचा प्रश्न होता.

म्हणून त्याने डोळ्यांत तेल घालून तयारी केली होती. कोपऱ्यावरचं फॉर्सिथियाचं झुडूप पिवळ्या फुलांनी भरलं की क्रॅबग्रासचं बी जमिनीखाली कूस बदलायला लागतं, हे त्याला पाठ होतं. झुडूप सोमवारी फुललं. पण डेल्मर झुडपाच्या भरवशावर राहणारा माणूस नव्हे. मांस भाजताना खुपसायचा बायकोचा, लॉरेनचा थर्मामीटर त्याने गुपचूप उचलला आणि रोज सकाळी पालथं पडून जमिनीचा ताप मोजला. गुरुवारी काटा पंचावन्न फॅरनहाइटवर गेला, आणि डेल्मर रणांगणात उतरला.

बी उगवूच न देणाऱ्या औषधाचे दाणे खत टाकायच्या चाकांच्या गाडीत भरून त्याने हिरवळीवर आधी उभ्या रेघा मारल्या, मग आडव्या. पट्टे मारताना चालायचा तसा, नाकाच्या सरळ रेषेत. मधोमध एक उघडाबोडका गोल होता. वीस वर्षं तिथे ब्रिजेटचा पोहायचा तलाव उभा होता, जमिनीवर ठेवायचा, निळ्या भिंतींचा. गेल्या शरदात तो काढला आणि खाली अठरा फुटांचं टक्कल निघालं. लॉरेन सारखी म्हणायची, "अरे, तिथे बी पेर." डेल्मर म्हणायचा, "मे महिन्यात तयार गवताच्या गुंडाळ्या आणू की!" पण उघडी माती म्हणजे क्रॅबग्रासला आमंत्रणच. म्हणून त्या गोलावरून त्याने गाडी एकदा जास्तीची फिरवली. मग पिशवीवर लिहिल्याबरहुकूम पाणी सोडलं आणि खुर्ची टाकून राजासारखा बसला.

दुपारी लॉरेन वाचनालयातून आली. गुरुवारी ती तिथे पुस्तकं लावायला जायची. थबकून तिने उडणारे फवारे बघितले आणि तिचा चेहरा एकदम फुलला.

"डेल! तू पाणी घातलंस? तुला कसं कळलं?"

"काय कळलं?"

"सांगणार नव्हते रे. दोन आठवड्यांनी एकदम दाखवणार होते. पण आता राहवत नाही! काल तू दाताच्या डॉक्टरकडे गेला होतास ना, तेव्हा मी त्या गोलात बी पेरलं. सगळ्या गोलात! गुडघ्यांवर बसून, हाताने एकेक ढेकूळ फोडून! हा डावा गुडघा रात्रभर ठणकत होता, पण म्हटलं, डेलला चकित करायचं!"

डेल्मर चकित झाला. चांगलाच. उगवणीआधीचं औषध काही बियांची जात विचारत बसत नाही. क्रॅबग्रासचं असो की लॉरेनच्या हातचं असो, ते सगळ्यांचाच कोंब खुडतं. पिशवीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'पुढचे चार महिने बी पेरू नये.' चार महिने! आणि लग्न दहा आठवड्यांवर! गुंडाळ्या मेमध्ये अंथरता आल्या असत्या, पण लॉरेन दोन आठवड्यांत कोंब शोधणार होती!

"तू काय केलंस सकाळपासून?" लॉरेनने विचारलं.

"पाणी घातलं," डेल्मर म्हणाला.

"माझा गुणी नवरा!" म्हणत तिने त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. संध्याकाळी आवडीचा खिम्याचा मीटलोफ पुढ्यात होता, तरी त्याने दुसऱ्यांदा घेतला नाही.

सरळ सांगून टाकावं, असं त्याला तीनदा वाटलं. पण तिन्ही वेळा लॉरेन नेमकी गुडघ्याला मलम चोळत होती!

शुक्रवारी तो बी-बियाण्यांच्या दुकानात गेला. काउंटरवर रस्कीन नावाचा म्हातारा बसायचा. डेल्मरची कहाणी ऐकून तो आधी पोटभर हसला, मग चष्मा पुसत म्हणाला, "एक उपाय आहे. कोळशाची भुकटी. शेगडीतला कोळसा नव्हे हं, खास औषध शोषून घेणारी. पाण्यात कालवायची आणि शिंपायची. मग वरून नवीन माती, नवीन बी."

"कोरडी टाकली तर?"

"कोरडी?" रस्कीनने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "टाका की. कपडे जुने घाला."

शनिवारी सकाळी लॉरेन केस करून घ्यायला गेली. रविवारी दुपारी ब्रिजेट, तिचा ॲरन आणि त्याचे आईवडील जेवायला यायचे होते. डेल्मरच्या हातात दोन तास होते. कालवत बसायला वेळ कुठे? त्याने कोळशाची अख्खी पोती चाकांच्या गाडीत ओतली, झाकण न लावता, आणि दणक्यात चालायला लागला.

पहिली चार पावलं छान गेली. पाचव्या पावलाला वारा सुटला.

ती भुकटी कसली, काळा धूरच तो! गोलावर पडायचं सोडून ती आधी वर गेली, मग आडवी आली आणि मग थेट डेल्मरवर बसली. नाकात, कानात, मोज्यात! शिंक आली म्हणून त्याने गाडीचा दांडा सोडला. गाडी कलंडली आणि उरलेला कोळसा मधोमध ढीग होऊन पडला. मऊ, गार, भुसभुशीत ढीग.

आता कुत्र्याच्या जातीला असा ढीग म्हणजे काय, ते कुत्र्याच्या जातीलाच ठाऊक! कुंपणाखालच्या फटीतून डचेस आली, एकदा वास घेतला आणि चारी पाय वर करून लोळली. डावीकडून लोळली, उजवीकडून लोळली. उठली तेव्हा पांढरा केस औषधालाही शिल्लक नव्हता!

तेवढ्यात वांडा मागच्या दारात आली. "डचेस! डचे— अगं आई गं! डेल्मर, हलू नकोस! तुझ्या मागे अस्वलाचं पिल्लू आहे!"

"अस्वल नाही गं, ही तर तुझी—"

पण काळ्याकुट्ट चेहऱ्याचा डेल्मर काय सांगतोय हे कळायच्या आत वांडा घरात पळाली आणि तिने धाडकन दार लावलं. डचेस बिचारी पळत जाऊन दाराला पंजे मारायला लागली. आतून वांडा किंचाळली, "जा! चल नीघ! माझ्या घरात कुत्री आहे, फाडून खाईल तुला!"

आपल्याच दारात असा अपमान झाल्यावर डचेस वळली आणि घराला वळसा घालून रस्त्याकडे धावली. डेल्मर तिच्या मागे धावला. आणि नेमक्या त्याच क्षणी घरासमोर एक गाडी थांबली.

गाडीतून ब्रिजेट उतरली, ॲरन उतरला आणि मग एक उंच गंभीर गृहस्थ उतरले. ते व्याही, क्लिफर्ड व्हिटकॉम. सगळ्यांच्या शेवटी उतरल्या विहीणबाई सिल्व्हिया. अंगात पायापर्यंतचा सायीच्या रंगाचा कोट.

कोणीतरी मायेचं माणूस दिसलं म्हणून डचेसने झेप घेतली!

कोट बघता बघता ठिपक्याठिपक्यांचा झाला. सिल्व्हियाबाई मागच्या मागे गवतावर बसल्या. डचेस त्यांच्या मांडीत बसली आणि तिने त्यांचा गाल चाटला. जीभही काळी होती.

"डॅडी?" ब्रिजेटने डोळे बारीक केले. "डॅडी, तू आहेस का हा?"

"तुम्ही उद्या येणार होतात!" डेल्मर ओरडला.

"उद्या पाऊस सांगितलाय म्हणून आजच आलो, जागा कोरड्यात बघायला. किती फोन केले, उचलायचा तरी!"

डेल्मरने व्याह्यांपुढे हात केला, मग त्या हाताकडे बघितलं आणि हात खिशात घातला. "डेल्मर क्विग्ली," तो म्हणाला. "मी एरवी गोरा असतो."

तोवर लॉरेनची गाडी आली. नवी केशरचना सांभाळत ती उतरली आणि जागच्या जागी उभी राहिली. एकदा विहीणबाईंकडे, एकदा कुत्रीकडे आणि मग बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिली.

"डेल, तुझी मिशी काळी कशी झाली?"

संपलं! डेल्मरचा बांध फुटला. गुरुवारचं औषध, ती जास्तीची फेरी, पिशवीवरचे चार महिने, रस्कीनचं हसणं, सगळं त्याने एका दमात ओकून टाकलं. व्याह्यांसमोर, जावयासमोर, आणि 'अस्वल कुठे गेलं?' म्हणत झाडू घेऊन आलेल्या वांडासमोरही. "तू गुडघ्यांवर बसून पेरलंस गं," तो शेवटी म्हणाला, "आणि मी दुसऱ्याच दिवशी त्यावर पाणी फिरवलं. खरंखुरं पाणी! सांगायची हिंमत झाली नाही."

लॉरेनने डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कुठल्या गोलाबद्दल बोलताय तुम्ही?" ब्रिजेटने विचारलं. "तलाव होता तो?"

"तोच."

"अरे, पण तिथे तर नाचायचा लाकडी फ्लोअर येणार आहे! अख्ख्या बागेत तेवढीच एक जागा सपाट आहे. मी फेब्रुवारीतच सांगितलं होतं फोनवर!"

"कोणाला?" लॉरेनने विचारलं.

"डॅडीला! तो म्हणाला, 'छान, बेटा, छान.'"

सगळे डेल्मरकडे वळले. डेल्मर आठवायचा प्रयत्न करत होता. फेब्रुवारीत बास्केटबॉलचे सामने होते. त्या महिन्यात तो सगळ्यांनाच 'छान, बेटा, छान' म्हणाला होता. टपालवाल्यालासुद्धा!

आणि मग गवताकडून एक विचित्र आवाज आला. सिल्व्हियाबाई! आधी सगळ्यांना वाटलं, रडताहेत. पण त्या हसत होत्या. कुत्रीच्या मानेत तोंड खुपसून, खांदे गदगदा हलवत हसत होत्या. "क्लिफर्ड," त्या कशाबशा म्हणाल्या, "आणि मी वाटेत तुला सांगत होते, ही माणसं फार टापटिपीची असणार, जपून बोल!"

मग मात्र कोणाला आवरेना. लॉरेनला इतकं हसू आलं की ती डेल्मरच्या खांद्यावर टेकली आणि पन्नास मिनिटं खुर्चीत बसून करवून घेतलेली केशरचना एका बाजूने काळी झाली. वांडाला हसावं की रडावं कळेना. डचेसला मिठीत घेऊन ती माफी मागत होती. "माझ्याच दारातून हाकललं गं तुला!"

दुपारभर मागच्या अंगणात कुत्री धुण्याचा सोहळा चालला. पाइप ॲरनने धरला, साबण सिल्व्हियाबाईंनी चोळला. कोट गेलाच होता, त्यामुळे त्या एकदम मोकळ्या झाल्या होत्या. क्लिफर्ड बादल्या वाहत होते, जाता-येता हिरवळीकडे निरखून बघत. पाचव्या पाण्याला डचेस राखाडी झाली, सातव्याला ओळखू यायला लागली. उद्याच्या जेवणासाठी आणलेलं हॅम लॉरेनने आजच कापलं आणि सगळ्यांनी पायऱ्यांवर बसून, ताटल्या मांडीवर घेऊन खाल्लं. डेल्मरने दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदाही घेतलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं ना!

"मिशी मात्र अशीच ठेव," लॉरेन त्याच्या कानात म्हणाली. "वीस वर्षांनी तरुण दिसतोस."

जूनच्या दुसऱ्या शनिवारी लग्न लागलं. टकलावर लाकडी फ्लोअर चपखल बसला होता. आणि भोवतालची हिरवळ? काय सांगावं! एकसारखी, दाट, गर्द, कडा पट्टीने आखल्यासारख्या. क्रॅबग्रासची काडी औषधालाही नाही! डेल्मर दर पाहुण्याला हिरवळीच्या कडेने नेत होता आणि कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून थांबत होता. पण पाहुणे नवरीकडे बघत होते.

जेवणाआधी मात्र क्लिफर्ड व्हिटकॉम एकटेच हिरवळीच्या कडेला गेले. उकिडवे बसले. हलकेच गवतावरून तळहात फिरवला, मग उलटा फिरवला. दुरून बघणाऱ्या डेल्मरची छाती फुगायला लागली. शेवटी एक तरी जाणकार भेटला! तो लगबगीने जाऊन शेजारी उभा राहिला.

"डेल्मर," क्लिफर्ड उठत म्हणाले, "एक विचारू का? एप्रिलपासून मनात आहे."

"विचारा ना!"

"ही किती वर्षं टिकते? आमच्या शेजाऱ्यांनीही प्लास्टिकचीच बसवलीय, पण तिचा रंग दोन वर्षांत उडाला."

डेल्मरने तोंड उघडलं. मग मागून लॉरेनने काढलेला चिमटा त्याला जाणवला आणि ते त्याने मिटलं.

"बरीच टिकते," तो म्हणाला. "फक्त अधूनमधून पाणी घालावं लागतं."