आडातलं द्राक्षासव

"मला आंघोळीला टाईम न्हाई, अन् ह्याच्या बाटलीला आडात बुडी!" मनकर्णा पुटपुटली. तिचा भाऊ चंद्रभान बादलीचा दोर धरून आडात वाकला होता. नाताळच्या सुट्टीत तो पुण्याहून जिंतूरला आला, तो फेसाळणारी वाइन घेऊनच. घरात फ्रीज नव्हता. बाटली आडात गार करायची, मोसंबीच्या रसात ओतायची आणि माळवदावर उन्हात बसून प्यायची, असा त्याचा बेत. मनकर्णेची कुरकूर वरवरची होती. मोसंब्या तिनं सकाळीच सोलल्या होत्या.

अडचण एकच, धुरपताबाई. मनकर्णेच्या नवऱ्याची, दिनकररावांची आत्या. आईच्या माघारी तिनंच त्यांना वाढवलं. तिचा नवरा पिऊन पिऊन गेला. तेव्हापासून त्या वस्तूचं नाव घरात कुणी काढत नसे, अन् त्या नवऱ्याचंही. एकदा एका पाहुण्याची जीभ घसरली, तर आत्या भरल्या ताटावरून उठून आपल्या गावी, बोरीला जाणाऱ्या एसटीत बसली. वर्षभर फिरकली नाही.

"आडात काय सोडायलास रे?" कालच मुक्कामाला आलेल्या आत्यानं विचारलं.

"औषध हाय, आत्याबाई," दिनकरराव घाईनं म्हणाले. "द्राक्षासव!"

"मंग मलाबी दे. लय खोकला यायलाय."

खोकणाऱ्या म्हातारीला औषध नको कसं म्हणायचं?

माळवदावर बूच उडालं, ते शेजारच्यांच्या कापसाच्या ढिगात गडप झालं.

"जालीम हाय की!" आत्या म्हणाली. "कोमट करून आणू?"

"न्हाई न्हाई! थंडच घ्यायचं," चंद्रभान चुलीच्या वाटेत आडवा झाला. "रसातून."

पेल्यात बारीक मोती खालून वर चढत होते. आत्या कितीतरी वेळ बघत राहिली. मग एक घोट. मग दुसरा. ऊन सायीसारखं मऊ झालं होतं. कापसाचा एक पुंजका तरंगत आला आणि तिच्या मांडीवर बसला. तिनं तो झटकला नाही.

"उतार पडायलाय. अजून घाल."

"आक्का, हिला थांबव की," चंद्रभान कुजबुजला.

"तूच थांबव. औषध तुझं हाय."

तिसऱ्या पेल्याला आत्याचे डोळे अर्धे मिटले. असं हसू दिनकररावांनी तिच्या तोंडावर जन्मात बघितलं नव्हतं.

"आत्याबाई, पुरं आता."

"गप रे दिनकर. नाव घ्यायलेय मी."

तिनं नव्या नवरीसारखा डोक्यावर पदर घेतला, लाजली, आणि म्हणाली,

"बुडबुड्याचं पानी, जिभेला लागलं गोड,
भुजंगरावांना माझ्या दारूचीच ओढ."