दहा इंची सुरी

"पोलाद घडवायचं असतं, घासायचं नसतं!" थोरला ओरडला. हातातल्या चिमट्यात लालभडक पट्टी होती, म्हणून धाकटा दोन पावलं मागे सरला. तोंडाने मात्र तसूभरही नाही.

"दादा, पट्टी सपाट, सरळ विकत मिळते. तिला बडवून वाकडी करायची आणि मग सरळ करत बसायचं, ही कसली कारागिरी? ग्राइंडरवर नको तेवढं उडवलं की झाली सुरी!"

"अर्धं पोलाद भुगा करून जमिनीवर सांडतोस, वर मलाच शिकवतोस?"

चार वाजता मोठ्या खानावळीचा आचारी येणार होता. नमुन्याला एक दहा इंची सुरी. पसंत पडली तर खानावळीच्या सगळ्या सुऱ्या इथूनच. असलं गिऱ्हाईक सहा वर्षांत फिरकलं नव्हतं, आणि पोलादाची पट्टी उरली होती एकच. अशा वेळी माणसं काम करतात. हे दोघे भांडले.

थोरल्याने सुरी घडवली, तेलात विझवून कडक केली आणि जेवायला गेला. तेवढ्यात धाकट्याने ती ग्राइंडरला लावली. रागारागाने दाबून लावली. धारेवर निळा पट्टा उमटला.

"निळी पडली! जास्त तापवलीस, गाढवा! कडकपणा गेला सगळा!" थोरला खरकट्या हाताने धावत आला. "आता परत भट्टीत."

भट्टीतून ती वाकडी होऊन, खपल्या धरून बाहेर आली.

"खरूज झालीय तिला, दादा! आता घासल्याशिवाय इलाज आहे?"

घासली. निळी पडली. तापवली. वाकली. टोक जळालं, ते कापलं. पुन्हा घासली.

"अहो, पाण्यात बुडवत बुडवत घासा की! म्हणजे तापणार नाही." थोरल्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस!"

"वहिनी, यातलं तुम्हाला काय कळतं?"

चार वाजता बोटाएवढी सुरी उरली होती. आचाऱ्याने ती चिमटीत उचलली.

"हे काय? दात कोरायला?"

"यानं घासून संपवली."

"यानं जाळली."

आचारी तणतणत निघाला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकला. वहिनी कांदा चिरत होती. चकत्या कागदासारख्या पडत होत्या. त्याने सुरी मागून घेतली, अंगठ्याने धार चाचपली.

"अशी हवी मला! कुणी केली?"

"वजन बघा, घडवलेली आहे!" थोरला.

"धार बघा, घासलेली आहे!" धाकटा.

"विकतची आहे," वहिनी म्हणाली. "बसस्टँडसमोरच्या दुकानातली. अकरा वर्षं झाली लग्नाला. पहिल्या आठवड्यात यांच्याकडे एक सुरी मागितली होती. घडवायची की घासायची, ते अजून ठरतंय!"

आचाऱ्याने सुरी तिच्या हातात परत दिली, दुकानाचा पत्ता नीट विचारून घेतला आणि गेला.

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघेही तिच्याकडे वळले.

"आपल्या घरात परक्याची सुरी?"

"आणि वर गिऱ्हाइकाला पत्ता देता, वहिनी?"

आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं. फक्त ती सुरी अजून वहिनीच्या हातात होती, आणि तिला धार होती.