परबकाका आणि महाराजांची परवानगी

आमच्या लालबागच्या चाळीत सत्यनारायणाचा प्रसाद हातात घेऊन ‘हा खाल्ला नाही तर काय होईल?’ असं भटजींना विचारणारा एकच माणूस आहे. आमच्या शेजारचे परबकाका. विचारून झालं की खातात, वर दुसऱ्यांदा मागतात. शिरा त्यांना आवडतो. धमकी आवडत नाही.

बाकी चाळीचं धमकीवाचून चालत नाही. परळला एक महाराज बसतात. फ्रीज कुठल्या भिंतीला लावायचा, मुलीने सायन्स घ्यायचं की कॉमर्स, सगळं तेच सांगतात. लोक अगदी हलके होऊन परत येतात. डोकं तिथेच ठेवून आल्यावर हलकं वाटणारच. काका त्यांना जिन्यात गाठायचे. “महाराजांचं कळलं. तुझं मत काय?” या प्रश्नाच्या धास्तीने निम्मी चाळ मागच्या जिन्याने उतरायची.

काकांच्या स्वतःच्या घरात मात्र महाराजांचा हातभर फोटो. तो काकीचा. काकांची भाषणं ऐकत ती त्याला रोज हार घालायची.

गेल्या वर्षी काकीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, याच आठवड्यात ऑपरेशन. काकी म्हणाली, महाराज महिनाभर मौनात आहेत, ते सांगतील तेव्हा. काकांनी रिपोर्ट वाचून दाखवले, पुण्याहून मुलीला बोलावलं. काकीने सगळं ऐकून घेतलं.

“ज्याचं त्याने ठरवावं, असं तुम्हीच सांगता ना?” ती म्हणाली. “मी ठरवलंय.”



दुसऱ्या दिवशी काका मला परळला घेऊन गेले. मला वाटलं, भांडणाला साक्षीदार हवाय. दोन तास रांगेत उभं राहिल्यावर सेवेकरी म्हणाला, तुम्ही निंदक, आधी उंबरठ्यावर नाक घासा. काका वाकले आणि त्यांनी नाक घासलं. महाराजांनी हसून पाटीवर लिहिलं, ‘पटलं?’

“पटलं,” काका म्हणाले. “तिला ऑपरेशनला तेवढं ‘हो’ लिहून द्या.”

चिठ्ठी मिळाली. बाहेर येऊन त्यांनी ती माझ्याकडे दिली. सेवेकरी देऊन गेला असं सांग म्हणाले; आपल्या हातची तिला खरी वाटायची नाही. नाकाचा शेंडा लालभडक झाला होता. काकीने विचारलं तर सर्दी म्हणाले. तिने वाफ घ्यायला बसवलं, मुकाट्याने बसले.

ऑपरेशन झालं, काकी बरी आहे. महाराजांनी आपणहून चिठ्ठी धाडली म्हणून वाचले, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. काका समोर बसून ऐकतात, आणि तिच्या गोळीची वेळ झाली की उठून पाणी आणतात.