चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे

वडिलांची अंत्ययात्रा, प्रार्थना, भजनं, भाषणं आणि टोंगाच्या रीतीने मयताला आलेल्या आहेराच्या चटया मिळून नऊ तासांचं चित्रीकरण झालं होतं. इसिलेलीला ते डीव्हीडीवर घालून ऑकलंडला बहिणीकडे, लुपेकडे पाठवायचं होतं. तिला नववा महिना लागला होता, त्यामुळे विमानात बसू दिलं नव्हतं. "दादा, एकदा बाबांचा चेहरा मला स्वच्छ दिसू दे," एवढंच तिनं मागितलं होतं.

नऊ तास एका डीव्हीडीत कोंबून पाहिले, तर चित्र फुटून चर्चच्या पाळकांचं तोंड शंकरपाळ्यांचं झालं. स्वच्छ हवं तर दोनच तास मावणार. त्याने कात्री लावायचं ठरवलं आणि नेमकी आत्या दारात उभी राहिली. टोंगात भावाच्या मयताला थोरल्या बहिणीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, आणि ही तर एरवीही कुणाला बधत नसे. डिस्क घेऊन उद्या तीच लुपेच्या बाळंतपणाला निघाली होती.

"काय कापतोयस?"

"चटया, आत्या. दोन तास नुसत्या चटयाच येतायत."

"काप! मग व्हावाऊ बेटावरची माणसं विचारतील, आमची चटई कुठंय, तेव्हा काय माझं डोकं दाखवू?"

"मग पाळकांचं भाषण?"

"उद्या तू मेलास की तुला पुरणार कोण?"

"भजनं तरी?"

"तुझ्या बायकोचं माहेर गातंय त्यात. असेल हिंमत तर काप. एक मिनिट गाळायचं नाही, सांगून ठेवते!"

झालं. नऊ तासांच्या पाच डिस्क झाल्या. चित्र आरशासारखं. खोक्यात भरण्याआधी इसिलेलीने वडिलांचा चेहरा शोधायला घेतला आणि तो डिस्कमागून डिस्क पुढेमागे पळवत राहिला. तिथल्या रिवाजाने मुलानं बापाच्या डोक्याजवळ फिरकायचं नसतं, म्हणून त्याने सगळं दारातून टिपलं होतं. समोर चटयांची रास, निरोपाला वाकलेल्या पाठी आणि उशाशी बसलेली आत्या. वडील त्या सगळ्यापलीकडे. पाचही डिस्कमध्ये ते कुठेच नव्हते.

सांगायची छाती झाली नाही. आत्या खोकं घेऊन गेली, आणि बहिणीने मागितलेली एकच गोष्ट आपल्याला देता आली नाही, या विचाराने त्याला जेवण जाईना.

रविवारी फोन आला. लुपे रडत होती.

"दादा, बाबा दिसले रे."

"कुठं?"

"चौथ्या डिस्कमध्ये. आत्याला बसल्याबसल्या डुलकी लागलीय. तोंड उघडं, एक भुवई वर. चर्चमध्ये बाबा अगदी अस्सेच झोपायचे! इतकं स्वच्छ आलंय ना, वाटतं आता घोरतील. मी तेवढंच लावून बसलेय."

आणि ती रडतारडता खदखदून हसली. इसिलेलीचेही डोळे भरून आले. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी फोन ओढून घेतला.

"गाढवा," आत्या कडाडली, "हे कापायला काय झालं होतं तुला?"

"तुम्हीच म्हणालात, एक मिनिटसुद्धा..."

"अक्कल गहाण टाकलीस का? सगळ्या ऑकलंडनं माझे दात मोजले!"

मागून लुपेचं हसणं पुन्हा ऐकू आलं.

"असू दे आता," ती हळूच म्हणाली. "पोरगी बघतेय."